फ्रेंच डोंगराचा वाटाड्या

भिकू मेस्त्री फ्रान्सला कधी गेला नाही. तरी सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पातल्या दीडशे माणसांना फ्रान्समधला एक डोंगर त्यानं वर्षभर दर शुक्रवारी पायथ्यापासून माथ्यापर्यंत फिरवून आणला. आणि त्याला तिथून ढकलला मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा धरायला नको.

साल एकोणऐंशी. गार्निए नावाचा फ्रेंच इंजिनियर आमच्या प्लँटवर होता. त्याच्या गावाला एक डोंगर आणि त्या डोंगराच्या वीस स्लाइड त्याच्याकडं. शुक्रवारी जेवणं झाली की कादिर, म्हणजे आमचा दापोलीचा आचारी, मेसच्या खिडक्यांना कांबळी लावायचा आणि भिंतीवर चित्रं सुरू व्हायची. दगडी वेस, छप्पर उडालेलं देऊळ, बुरूज आणि शेवटी माथ्यावरचा कट्टा, जिथून खाली नदी आणि द्राक्षांचे मळे दिसत. साहेबाचं फ्रेंच वळणाचं इंग्रजी कुणाच्या बापाला कळत नसे. भिकू मात्र आठवडाभर चहा पाजून साहेबाकडून एकेक गोष्ट काढून घ्यायचा आणि शुक्रवारी प्रोजेक्टरचं बटण हातात धरून आम्हाला सांगायचा.

सांगायचा तरी कसा! “चपला हयसर काढा, देवळात जातंव,” म्हणायचा आणि वेडी माणसं खरंच चपलांकडं हात न्यायची. बुरुजाच्या पायऱ्या चढताना स्वतः धापा टाकायचा. कट्ट्यावर पोचला की गप्प व्हायचा. एवढा बडबड्या माणूस गप्प झाला की सगळी मेस त्या नदीकडं बघत राही. वाळूत पत्र्याच्या खोल्यांमधून राहणारी माणसं ती. त्यांना तेवढंच हिरवं.

भिकू टूल रूम सांभाळायचा. फिटर म्हणून आला होता, वय झालं म्हणून साहेबानं आत बसवला. आत एसी. जुबैलच्या उन्हाळ्यात लोखंडी पाइपांवर चढून परांची बांधणाऱ्याला विचारा त्या एसीची किंमत. परांची बांधणारा मी. तळहाताची कातडी पाइपला चिकटून निघायची, तेव्हा तिकडं भिकू काउंटरवर कोपर टेकून बसलेला असायचा. मागाल तो पाना, न बघता, अचूक नंबराचा काढून द्यायचा. लोकांना त्याचं कौतुक वाटे. मला मात्र त्या न बघण्याचं कारण ठाऊक होतं.

त्यानं स्वतःच सांगितलं होतं. एकदा माझ्यासमोर त्यानं चहा कपाच्या बाहेर ओतला, सरळ टेबलावर. मग दार लावून घेतलं आणि म्हणाला, “धोंडीरामा, माका धूर दिसता रे सगळो. आता तर धूर पण नाय.” त्याची आईही अशीच आंधळी होऊन गेली. मुंबईचा थोरला भाऊ पाच वर्षांपूर्वी पुरता आंधळा झाला, तो त्यानं सोयऱ्यांपासून लपवलेला. मुलीचं, पारूचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. स्थळ माझ्याच बायकोनं सुचवलेलं, तिच्या माहेरच्या वाडीतलं. बापही आंधळा झाला असं कळलं तर ते लोक म्हणणार, रक्तातच आहे, उद्या पोरं आंधळी होतील. म्हणून भिकूनं स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही जायचं नाही असं ठरवलं होतं. रजा मिळत नाही असं कळवून इथंच लपून राहायचं. अक्षता पडल्या की मग काय व्हायचं ते होवो.

वैशाखाला दोन महिने होते. दोन महिने मी तोंड मिटून बसलो असतो तर माझं काय जाणार होतं? काही नाही. पण पुढचा उन्हाळाही डोक्यावर आला होता आणि मला ती खोली हवी होती. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याचं कौतुक ऐकून माझ्या पोटात दुखायचं. आंधळा माणूस चित्रांचा क्रम पाठ करून डोळस लोकांना देखावा दाखवतो आणि तेही टाळ्या वाजवतात, याची मला चीड यायची.

त्या शुक्रवारी नवा सेफ्टी ऑफिसर, एक इंग्रज, गार्निएबरोबर आला होता. साहेब हात धुवायला गेला आणि कादिर कांबळी लावत होता तेवढ्यात मी प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमधल्या स्लाइडची अदलाबदल केली. साहेबाच्या म्हाताऱ्या आईचा एक फोटो कट्ट्याच्याही पुढं, शेवटच्या घरात असायचा, तो कधी दाखवत नसत. तो बुरुजाच्या जागी घातला.

भिकू उभा राहिला. खट. वेस. खट. भिंतीवर द्राक्षांचा मळा आला आणि हा म्हणाला, “चपला काढा.” लोक हसले. त्यांना वाटलं आज मेस्त्री नवी गंमत करतोय. हशा ऐकून त्याला चेव आला. खट. भिंतीवर काळ्या कपड्यातली, बाकावर बसलेली म्हातारी.

“ह्यो बुरूज,” भिकू म्हणाला. “वरसून ढासाळलो, पण पायो बघा! अजून शंभर वर्सा हलाचो नाय. भितूर वटवाघळा आसत.”

मेस हशानं फुटली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. मी मागून विचारलं, “मेस्त्री, डोक्यावर काय आहे त्याच्या?”

“झेंडो,” तो म्हणाला. “फाटको.”

इंग्रजानं विचारलं, कशाला हसताहेत? मी पुढं होऊन त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीतून शब्द न शब्द सांगितला. हसू हळूहळू विरलं. भिकू एकटाच हसत उभा होता, तोंड भिंतीकडं करून, पुढच्या टाळीची वाट बघत. इंग्रज उठला, त्याच्यापुढं गेला आणि डोळ्यांसमोर हात हलवला. भिकूनं पापणीसुद्धा हलवली नाही. मग “कोन हां?” असं विचारत त्यानं हात पुढं केला, तो इंग्रजाच्या छातीला लागला.

गार्निएनं प्रोजेक्टर बंद केला. तो म्हाताऱ्या आईवरून रागावला असेल असं मला वाटलं होतं. पण त्यानं भिकूचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. कादिरनं कांबळं खाली ओढलं, उन्हात माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “खलास केलंस ना त्याला?” स्लाइडवर माझी बोटं उमटली असतील, की माझं तोंडच सांगत होतं, कोण जाणे.

त्या दुपारी मी बायजाला, माझ्या बायकोला, पत्र लिहिलं. सगळा प्रकार रंगवून, बुरूज, वटवाघळं, झेंडा, सगळं. तिला हसवावं एवढाच हेतू होता. तिचं माहेर कुठं आहे हे मी विसरलो होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पत्र शनिवारच्या टपालात गेलं.

इंग्रजानं भिकूला मेडिकल तपासणीला पाठवलं, तिचा निकाल लागायला आठवडा लागला. कफीलनं, म्हणजे आमच्या सौदी मालकानं, फायनल एक्झिटचा, कायमच्या परतीचा शिक्का मारून पासपोर्ट पाठवून दिला. विमानतळाच्या बसपाशी भिकूची पेटी मीच उचलली, दुसरं कोण उचलणार? मला आणला होता त्यानंच, माझ्यासाठी मुंबईत एजंटाच्या दारात आठ दिवस बसून.

“माजा एक काम कर,” तो म्हणाला. माझा हात चाचपून दोन्ही हातांत घेतला. “घराक कळवू नको. पारूचा लगीन होयसर मी मुंबैक भावाकडे रवतंय. दोन आंधळे एका खोलयेत, कोण बघूक येतला? तू हयसून माज्या नावान पत्रां घालीत र्‍हव. डोळे दुखतत म्हणून तूच लिवतंस, ता माज्या बायलेक, आनंदीक, म्हायत आसा.”

मी हो म्हणालो. त्यानं माझा हात कपाळाला लावला. मला रडू आलं, आणि त्याला दिसत नाही म्हणून मी ते पुसलंही नाही. तरी तोंड उघडून सांगितलं नाही. पोस्टात जाऊन बायजाला तार करता आली असती, की कुणाला बोलू नकोस. तीही केली नाही. तार केली असती तर माझा गुन्हा माझ्याच हातानं कागदावर आला असता, एवढीच भीती.

पण शब्द पाळला. टूल रूम मला मिळाली आणि त्याच काउंटरवर बसून मी भिकूच्या नावानं आनंदीबाईला दोन पत्रं लिहिली. ‘मी खुशाल आहे. रजेचं जमत नाही. मांडव मोठा घाला.’

वैशाख लागता लागता बायजाचं उत्तर आलं. ‘तुमचं पत्र माहेरी वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले. चौथ्या दिवशी पारूचं लग्न मोडलं. पोर जेवत नाही. काल आनंदीबाई मेस्त्रींची दोन पत्रं घेऊन आली, आणि तुमचं पत्र माझ्याकडून मागून घेऊन शेजारी ठेवून बघत बसली. म्हणाली, तिन्ही एकाच हातची आहेत, मग माझा नवरा खुशाल आहे की आंधळा? तुम्हीच लिहिलंय तर तुम्हीच कळवा. ती दारात बसून आहे.’