माझ्या सीटखालची वायर

नवरा गेला की बायकोला रडू येतं, असं आपण धरून चालतो. मला पहिले दोन महिने नुसता राग येत होता. त्या रागाचं कारण बेंगळुरूत, सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभं होतं. पंचवीस वर्षं जुनी जपानी कॅम्पर व्हॅन. आत दोघांपुरता पलंग, एक शेगडी, तळहाताएवढं बेसिन आणि वर उचलता येणारं छत. इथली नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून त्याने ती घेतली, स्वतः निवृत्त व्हायच्या महिनाभर आधी. सोसायटीतली पोरं तिला आइस्क्रीमची गाडी म्हणत. मी पांढरा हत्ती म्हणायचे.

आता फिरायचं, असं ठरलं होतं. आधी पुण्यात आणि मग इथे, आम्ही दोघांनी जन्मभर ऑफिसं केली आणि सुट्ट्यासुद्धा मांडीवर लॅपटॉप घेऊन काढल्या. मला गोकर्णला समुद्रासमोर गाडीचं दार उघडून सकाळचा चहा करायचा होता. एवढीच इच्छा. ती मी त्याला इतक्यांदा ऐकवली होती की त्याला पाठ झाली असणार.

पहिली दोन वर्षं खरंच मजेत गेली. हंपी झालं, सकलेशपूर झालं. गाडी वाटेत रुसायची, पण त्याला त्याचंच सुख होतं. शिकला मेकॅनिकल आणि पोट भरलं सॉफ्टवेअरवर, त्यामुळे साठीला हातात पाना आल्यावर गडी दहा वर्षांनी लहान झाला. फ्यूजच्या डबीवर सगळं जपानीत लिहिलेलं, तर त्यावर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या: पुढचे दिवे, वायपर, पंखा. रोज सकाळी गाडी सुरू करून धुराचा रंग बघायचा, वैद्य जीभ बघतो तसा. काळा असेल तर हवा कमी पडतेय, पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, हे मला त्याच्यामुळे कळलं. इंजिन पुढच्या सीटांखाली असल्याने काहीही बघायचं तर आधी मला उठवावं लागे. मी थर्मास घेऊन रस्त्याच्या कडेला, माझी सीट उचललेली आणि त्याचं डोकं आत.

शेवटच्या वर्षी मात्र गाडीने छळ मांडला. म्हणजे मला तसं वाटलं. तीनदा बेत केला आणि तीनदा निघायच्या दिवशी ती सुरू झाली नाही. तो लवकर खाली जायचा आणि अर्ध्या तासाने वर येऊन सांगायचा की आज काही खरं नाही. एकदा म्हणाला इंजिन तापवणारे ग्लो प्लग गेलेत, एकदा म्हणाला डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे. दोन दिवसांनी गाडी पुन्हा ठणठणीत, आणि हा तिच्याखाली आडवा. मल्लेश्वरमला आमचे नेहमीचे मेकॅनिक होते, त्यांना बोलव म्हटलं तर नको, मीच बघतो.

तिसऱ्या वेळी गोकर्णला निघायचं होतं. सामान खाली नेलेलं, निरोप द्यायला शेजारचे चारजण जमलेले. स्टार्टर नुसता फिरत राहिला. माझी जीभ तिखट, माहेरापासून. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. दर वेळी गाडीच कशी बिघडते रे तुझी?" शेजारी हसले. तोही हसला आणि पिशव्या उचलून लिफ्टकडे गेला. पुढचा आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. त्यानंतर महिनाभरात, एका सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच त्याचं हृदय थांबलं.

म्हणून राग. या माणसाला माझ्याबरोबर कुठे जायचंच नव्हतं, त्याला नुसती गाडी खोलत बसायचं होतं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. गाडी विकून टाकायची ठरवली, पण विकायची तर आधी सुरू व्हायला हवी. मग मल्लेश्वरमच्या मेकॅनिकना फोन केला.

ते मूळचे निपाणीकडचे, सत्तरीला आलेले. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का. येताना बॅटरी घेऊन आले. बॅटरी लावली, किल्ली फिरवली, स्टार्टर जोरात फिरला, पण इंजिन पेटेना. मी म्हटलं, हेच ते, वर्षभर हेच चाललं होतं. त्यांनी डिझेल बघितलं, नळ्या दाबून पाहिल्या, मग माझी सीट उचलली आणि टॉर्चचा उजेड आत धरला.

"अक्का, स्वल्प हिकडं बघा."

डिझेलच्या पंपावर एक जाडसर वायर येते. किल्ली फिरवली की तिच्यातून करंट जातो आणि डिझेलची वाट उघडते. ती नसेल तर स्टार्टर कितीही फिरवा, इंजिनाला थेंब मिळत नाही. ती वायर निघालेली होती. आजूबाजूच्या वायरींची टोकं हिरवट, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली. पंपावरची हिची जागा तेवढी घासून चकचकीत झालेली.

"ही आपोआप निघालेली न्हाई," ते म्हणाले. "कोणीतरी काढायचं, परत लावायचं. लई येळा केलंय."

सुट्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं. पुन्हा सोडवताना नख लावायला लागू नये म्हणून. आमच्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक पाकीट तो तसंच बंद करायचा.

अण्णांनी वायर जोडली. पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. ऑइल स्वच्छ, फिल्टर नवा, पट्टे नवे. त्यांनी तपासून सांगितलं की गाडीला कसलाही आजार नाही, साहेबांनी पोटच्या पोरीसारखी ठेवली आहे.

धडधाकट गाडी तो मुद्दाम बंद पाडत होता, म्हणजे ती चालवण्यातच त्याचं काहीतरी अडत होतं. मी वर आले आणि बाथरूमच्या कपाटातली डोळ्यांच्या थेंबांची बाटली काढली. वर्षभर रोज ते थेंब मीच त्याच्या डोळ्यांत घातले होते. स्क्रीन बघून डोळे कोरडे पडतात, असं त्याने सांगितलं होतं आणि मी बाटलीवरचं एक अक्षर वाचलं नव्हतं. ती घेऊन खालच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने न बघितल्यासारखं बघून सांगितलं, काचबिंदूचं औषध आहे.

मग एकेक गोष्ट आपणहून समोर यायला लागली. दाराची चौकट खांद्याला लागायची, तेव्हा मी त्याला धांदरट म्हणायचे. घरची छोटी गाडी त्याने चालवायची सोडली आणि बेंगळुरूच्या ट्रॅफिकला शिव्या देत रिक्षाने फिरायला लागला, तेव्हा मी त्याला आळशी म्हटलं. त्याच वर्षी तो हात धुऊन माझ्या मागे लागला होता की तू ड्रायव्हिंग शीक. शिकवणाऱ्या बाईंचा नंबरही आणून दिला. मी म्हटलं, तू आहेस की.

त्याला बाजूचं दिसत नव्हतं. मला शेजारी बसवून घाटातून न्यायची त्याची छाती होत नव्हती आणि ते मला सांगायचीही होत नव्हती. माझी इच्छा त्याला पाठ होती ना. त्यामुळे आपण बिघडलो आहोत म्हणण्यापेक्षा गाडी बिघडली म्हणणं त्याला सोपं गेलं. त्यासाठी चांगले प्लग बदलले, चांगल्या नळ्या सोडवल्या, माझे टोमणे ऐकून घेतले. मला धुरावरून गाडीचा आजार ओळखता येत होता आणि समोरचा माणूस ओळखता आला नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले, आणि मग थांबताच येईना.

गाडी बघायला इंदिरानगरहून एक जोडपं आलं. दोघं नागपूरचे, कॉम्प्युटरवाले, नवीन लग्न झालेले. मुलाने चक्कर मारून आणली आणि खूश झाला. मुलगी चौकस होती. तिने किलोमीटरचा आकडा बघितला आणि मला विचारलं की गेलं वर्षभर गाडी जवळजवळ हललीच नाहीये, हिच्यात नेमका काय प्रॉब्लेम आहे?

"गाडीत काही नाही," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याला दिसेनासं झालं होतं."

हे वाक्य त्याला माझ्यासमोर कधी उच्चारता आलं नाही, आणि मी ते एका अनोळखी मुलीला पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही किती सांभाळून घेतलं असेल त्यांना."

मी हो म्हणाले.