वणवा आणि गेटावरची झडती

भर दिवसा वणव्याला रंग नसतो, हे मला सातपूरच्या कारखान्यात कळलं. मे महिना होता, सकाळची पाळी. मी लेथवर पितळेची बुशं कापत होतो आणि लेथ थंड ठेवणाऱ्या दुधट पाण्यावर काळी कुसळं येऊन पडू लागली. मागच्या दारातून पाहिलं, तर टेकडीवरचं गवत नुसतं काळं होत खाली येत होतं. ज्वाळा दिसेनात, हवा तेवढी थरथरत होती. आता पुढे काय होतं, ते पाहिल्याशिवाय माझा पाय निघेना.

तेवढ्यात फोरमन ओरडले, "अरे, मागे तेलाची पिंपं आहेत! मशीन बंद करा, बाहेर पडा!"

सगळे गेटाकडे पळाले आणि तिथे पोचताच गुपचूप रांगेत उभे राहिले! रोज सुटीला व्हायची तशी झडती व्हायची होती ना. एकेकाने पुढे व्हायचं, हात वर करायचे, मामांनी खिसे चाचपायचे. मामा म्हणजे आमचे म्हातारे वॉचमन. थोड्याच दिवसांपूर्वी पितळ चोरीला गेलं होतं. पुन्हा काही गेलं तर घरी बसायचं, असं मालकांनी त्यांना आमच्यादेखत बजावलं होतं. घरी आजारी बायको, आणि या वयात दुसरी नोकरी कोण देणार?

"मामा, आग आलीय! गेट उघडा!" फोरमन म्हणाले.

"उघडतो ना साहेब. आधी हात वर करा."

फोरमननी शिव्या हासडत हात वर केले. आम्ही खोकत होतो, तरी मला हसू आवरेना. कुणी ढकलाढकली केली नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मामांनी एकही खिसा सोडला नाही. टेकडीवरून पळून आलेलं एक तितर मात्र झडती न देताच गेटाखालून सटकलं. मागे वळून वळून बघत राहिल्यामुळे माझा नंबर सर्वांत शेवटी लागला.

बाकीचे रस्त्यापलीकडे पोचले होते. मामांनी बाहेरून कुलूप लावलं.

"चला मामा, पळा आता!"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली, माझ्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

"आता माझी घे."

"वेड लागलंय का मामा?"

"उद्या माल कमी भरला तर पयलं नाव माझंच घेतील. तू बघितलंस म्हनून सांग. घे लवकर."

धुराने डोळे चुरचुरत होते. मी त्यांचे खिसे चाचपले. तंबाखूची पुडी आणि बायकोच्या औषधाची बाटली. सदरा घामाने चिंब झाला होता आणि त्याखाली छाती नुसती धडधडत होती.

"काही नाही," मी म्हणालो.

"मोठ्यांदा बोल. त्यान्ला ऐकू जाऊ दे."

मी रस्त्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडलो, "मामांकडे काही नाही!"

मग मामांनी हात खाली घेतले आणि आम्ही दोघं पळत सुटलो.