थांबासाहेब

आमचे साहेब कामावर आले की पहिला शब्द 'थांबा' असायचा. मग वाकून चिमूटभर माती उचलायचे आणि उभं राहून हातातून सोडायचे. माती सरळ पडली तर फवारणी सुरू, तिरपी गेली तर पंप खाली. सत्तर सालानंतर नागपूरहून पारशिवनीकडे जाणाऱ्या विजेच्या तारांखालची झुडपं मारायचं काम आमच्याकडे होतं. ते डेप्युटी इंजिनियर, मी ओव्हरसियर. मजूर त्यांना थांबासाहेब म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं.

सवय लागली ती पहिल्याच वर्षी. तोवर झुडपं कुऱ्हाडीनं तोडत. त्या वर्षी तणनाशकाचे ड्रम आले आणि आम्ही भर वाऱ्यात फवारलं. काही दिवसांनी कौसल्याबाई कपाशीचं उपटलेलं झाड घेऊन ऑफिसात आल्या. त्यांचं वावर तारांना लागूनच होतं. पानं चिरलेली, बोटांसारखी लांबट झाली होती.

"साहेब, माह्या पराटीची भेंडी काहून होऊन राहिली, मले सांगा."

साहेब त्यांच्याबरोबर वावरात गेले, ओळीओळीतून फिरले आणि बांधावर बसले. मला म्हणाले, "ज्वारीला हे औषध काही करत नाही. पराटीला मात्र नुसता वारा पुरतो."

मग त्यांनी वर लिहिलं. वाऱ्यात फवारू नये, विहिरीपासून लांब राहावं, आधी गावात दवंडी द्यावी. उत्तर आलं, विचार चालू आहे. त्यांनी पुन्हा लिहिलं. तेच उत्तर आलं. तोवर आपल्या हद्दीत त्यांनी हे तिन्ही नियम लावून टाकले. मजूर बाभळीखाली बसून कंटाळायचे. मुकादम एकदा वैतागला, "साहेब, वारा का आपल्या हुकमानं थांबून राहिला?"

"नाही ना गा, म्हणून आपण थांबायचं."

काम मागं पडत गेलं. एका पावसाळ्यात वाढलेली फांदी तारेला लागली आणि आसपासची गावं अंधारात गेली. साहेबांकडे खुलासा मागितला गेला, पाठोपाठ बदली. बसवर सोडायला मी गेलो होतो. "थकलो गा," एवढंच म्हणाले, "तेच तेच किती वेळा लिहायचं?"

नवे साहेब वारा पडायला थांबले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी वरून परिपत्रक आलं. तिन्ही नियम त्यात होते. साहेब तेव्हा निवृत्त होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहत होते. मी आनंदानं ते घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि विचारलं, "कौसल्याबाईंची पराटी कशी आहे?"

"लावत नाहीत साहेब. तुम्ही गेलात, त्याच्या पुढच्याच वर्षापासून तिथं ज्वारी पेरतात."

"मग सांग ना त्यांना, आता नियम झाला म्हणून."

"सांगितलं. म्हणाल्या, साहेब लोक येतेत अन् जातेत. मले ज्वारीच बरी."

साहेबांनी परिपत्रकाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत मागं टेकले.