हेल्प फाईलचं कोरं पान

काष्टीच्या आमच्या माती तपासणी केंद्रात त्या दिवशी मशीन अडून बसलं होतं. आकडे भलतेच येत होते आणि त्यावरचा उपाय कंपनीने मेलवर पाठवलेल्या हेल्प फाईलमध्ये होता. फाईल उघडायची, डावीकडे विषयांची यादीही दिसायची, उजवीकडचं पान मात्र कोरं! बाकावर मातीच्या पिशव्या घेऊन माणसं खोळंबली होती आणि मी माऊसवर राग काढत होते.

त्यांतला एक जण उठला. सदऱ्याला हात पुसत म्हणाला, "ताई, मी बघू का? शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटरला हुतो मी."

त्याने फाईल बंद केली, तिच्यावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि तळाशी 'अनब्लॉक'च्या चौकटीत टिक केली. फाईल पुन्हा उघडली, तर पान अक्षरांनी गच्च भरलेलं! मी उठून टाळ्याच वाजवल्या.

"बाहेरून आल्याली फाईल हाय, कॉम्प्युटर इस्वास ठेवत न्हाई," तो म्हणाला. "आपल्या बैलबाजारात परक्याचा बैल कुनी घेतं का? वळखीचा मानूस शेजारी हुबा ऱ्हायला, की लगेच सौदा."

अर्ध्या तासात मशीन बरोबर आकडे देऊ लागलं. तोवर तो पिशवी ठेवून निघून गेला होता. पिशवीवर नाव नव्हतं, आणि बिननावाचा नमुना आम्ही घेत नाही. त्याचा मात्र मी सगळ्यांत आधी तपासायला लावला आणि नावाच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं : ओळखीचा माणूस.