जयाक्कानं घासलेलं भांडं

बेळगावात समुद्र नाही. आमच्या प्रयोगशाळेत मात्र तो दर महिन्याला येतो, गोव्याहून लोंढ्यामार्गे, रेल्वेनं, प्लास्टिकच्या कॅनमध्ये बसून. त्या खाऱ्या पाण्यात आम्ही नुसत्या डोळ्यांना न दिसणारी शेवाळं वाढवतो. मी इथं स्टोअर सांभाळतो आणि वडगावची जयाक्का काचेची भांडी घासते. नुसतं ‘घासते’ म्हटलेलं तिला खपत नाही. ‘निर्मळ करते’ म्हणायचं.

तीस वर्षं तिनं घरच्या मागावर साड्यांच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ दिली. तांदळाची खळ शिजवायची, दोन बोटांत धरून तिची तार बघायची, मगच सुताला लावायची. माग विकला, तशी ती इथं आली. इथंही रुबाब तोच. तिनं पालथं घातलेलं भांडं उचलून तपासायची माझी आजवर छाती झालेली नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या संशोधक सौम्या मॅडम बहिणीच्या लग्नाला पंधरा दिवस रजेवर गेल्या. परतून बघतात तर त्यांनी शेवाळं वाढवलेल्या बाराही काचेच्या चंबूंतलं पाणी घट्ट, बुळबुळीत. आठ महिन्यांची मेहनत होती. त्यांचा तोल गेला.

"जयाक्का, भांडी नीट धुतली नव्हती तुम्ही. जंतू शिरलेत. सगळं ओतून टाका."

मला वाईट वाटलं आणि खरं सांगतो, रागही आला. जयाक्काचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. तिनं एक चंबू उचलला आणि मोरीकडे न जाता खिडकीशी गेली. आत काचेची कांडी बुडवून वर काढली. कांडीला लांब तार लोंबली. तिनं वास घेतला.

"मॅडम, हे नासल्यालं न्हाय. खळ नासली की आंबूस वास मारती आणि तार लगेच तुटती. ही बघा, वीतभर झाली तरी तुटंना."

"आक्का, ही काय साडीची खळ आहे का?"

"न्हाय. पर वतायच्या आधी तुमच्या त्या दुर्बिणीत बघा. जंतू घावलं तर म्या उद्यापासनं येत न्हाय."

जयाक्कानं चंबू मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. जंतू नव्हते. सोनेरी शेवाळं ठणठणीत होती आणि प्रत्येक पेशीभोवती चिकट, पारदर्शक थर होता. मग त्यांना आठवलं, लग्नाच्या गडबडीत चंबूंत नत्राचं खत घालायचंच राहिलं होतं. उजेड भरपूर आणि नत्र नाही, त्यामुळं शेवाळांची वाढ थांबली. उजेडात तयार होणारी साखर काही थांबली नाही. ती जास्तीची साखर शेवाळांनी चिकट साखळ्या करून पाण्यात सोडली होती. काम शाबूत होतं, चूक मॅडमची होती.

त्या उठून जयाक्काजवळ गेल्या. "चुकले मी, आक्का. पण नुसत्या तारेवरून एवढी खात्री? खरंच जंतू निघाले असते तर?"

जयाक्कानं पुढचं भांडं हातात घेतलं होतं.

"कसं निघतील? तार तर नंतर बघितली. भांडं म्या घासलतं."