लोखंड बापाचं, मूठ आपली

ठकी किती हट्टी, ते तिच्या आईला विचारू नका. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना विचारा. सकाळचा चहा उकळायच्या आत हिची ठोकाठोक सुरू! बापाने लाडाने ठेवलेलं हे बाहुलीचं नाव पन्नाशी आली तरी सुटलं नव्हतं, आणि तिलाही ते सोडायचं नव्हतं.

घराच्या मागच्या खोलीत तिचं काम चाले. खिडकीखाली लांब बाक, भिंतीवर फळी, फळीत लाकूड कोरायच्या पटाश्या ओळीने अडकवलेल्या. रुंद तोंडाच्या, गोल तोंडाच्या, आणि एक वाकड्या मानेची, पिसांच्या रेघा काढायची. पणजोबांपासून चालत आलेलं पोलाद ते. आता मिळेल का तसं? नाव काढू नका. पडलेल्या फांद्या, वठलेली खोडं ती उचलून आणायची आणि त्यांतून खंड्या, घार, गोगलगाय, काय वाट्टेल ते बाहेर काढायची. सध्या बाकाशेजारी माणसाएवढा उंच बगळा उभा होता, एक पंख पसरून.

या घराची एक रीत होती. हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, की नव्या माणसाने जुनी मूठ ठोकून काढायची आणि आपल्या पंजाच्या मापाची नवी घडवून बसवायची. लोखंड बापाचं, मूठ आपली. मूठ बसली की हत्यार तुझं. तोवर ते कुणाचंच नाही.

आणि नेमकं तेच ठकीने केलं नव्हतं. बाबा जाऊन वर्ष उलटलं, तरी त्यांच्या अंगठ्याने पाडलेले खळगे मुठींवर तसेच होते. त्या मुठी तिच्या पंजाला जाड पडत, हाताला फोड येत, पण त्या काढायला तिचा जीव होईना. माया माणसाला कुठे गोत्यात आणेल, सांगता येत नाही.

गोत्यात आणलं दादाने. दादा म्हणजे थोरला भाऊ, फर्निचरच्या शोरूमचा मालक. जन्मात कधी पटाशी धरली नाही. आता शोरूमच्या दर्शनी भिंतीवर ‘आमची परंपरा’ म्हणून बाबांची हत्यारं काचेत लावायचं त्याच्या डोक्यात शिरलं.

“काचेत?” ठकी कडाडली. “मग मी कोरू कशाने, नखांनी?”

“नव्या घेऊन देतो की! मशीन घे एखादं.”

“तुझं मशीन ठेव तुझ्यापाशी.”

दादा हसला. फळीतली एक पटाशी काढून त्याने तिच्या नाकासमोर धरली. “ही मूठ कुणाची? बाबांची ना? म्हणजे रितीप्रमाणे हत्यारं अजून कुणाचीच नाहीत. आणि घरात थोरला मी. रविवारी येतो न्यायला.”

खरंच होतं ते! दादा गेल्यावर तिने आईकडे पाहिलं. आई दारात बसून शेंगा सोलत होती.

“रीत ती रीत,” आई मान वर न करता म्हणाली. “पण रविवार उजाडायचाय अजून.”

आई असावी तर अशी!

पण मूठ करायची कशाची? ओलं लाकूड सुकताना आकसतं, मूठ खिळखिळी होते आणि पटाशी हातातून निसटते. खोलीतला सगळा माल ओला, नुकत्याच झालेल्या वादळात पडलेला. पुरतं वाळलेलं, चिवट लाकूड एकच होतं. बाबांनी स्वतः आणून सुकत ठेवलेली बाभूळ. आणि तिचा तर बगळा झाला होता.

ठकी त्याच्यासमोर बसली आणि रडली. हो, चांगली हमसून रडली. मग पदराने नाक पुसलं, करवत उचलली आणि पसरलेला पंख खांद्यापासून कापून काढला.

रविवारी दादा गादी लावलेली पेटी घेऊन आला आणि दारातच थबकला. फळीत सगळ्या पटाश्या जागच्या जागी होत्या, पण मुठी कोऱ्या, बारीक, बाईमाणसाच्या पंजाच्या. शेजारी पंख तुटलेला बगळा.

“हे काय करून बसलीस?”

“घरची रीत पाळली.” ठकीने एक कापडी पिशवी त्याच्या हातात कोंबली. “या बाबांच्या मुठी. लोकांना बाबा दाखवायचेत ना तुला? हे घे बाबा. काचेत लाव, नाहीतर उशाशी ठेव. लोखंडाला हात लावायचा नाही. ते कामाचं आहे, आणि ते माझं आहे.”

दादाने तणतणत पिशवीत हात घातला, एक मूठ बाहेर काढली. त्याचा अंगठा आपसूक बाबांच्या खळग्यात जाऊन बसला. दुसऱ्या हाताने त्याने पेटी खाली ठेवली.

“बगळा मोडलास गं,” तो म्हणाला.

“मोडतोय कशाला? कुशीत लाकूड आहे अजून. मिटलेला पंख कोरीन. उडायचं नाही म्हणाला तो. इथेच उभा राहणार.”

तिने वाकड्या मानेची पटाशी उचलली. नवी मूठ पंजात घट्ट बसली.

“जाताना दार ओढून घे दादा,” ती म्हणाली, आणि पहिला घाव घातला.