सतरा तारखेची तार

सुभेदार सूर्यकांत धुमाळ यांच्या हाताखाली आठ वर्षांत फक्त दोन जवानांच्या नावावर लाल शाई पडली. हा आकडा ते न विचारता सांगतात. फौजेत शिक्षा झाली की ती जवानाच्या कागदपत्रांत चढते. किरकोळ असली तर काळ्या शाईने, मोठी असली तर लाल. चार लाल नोंदी झाल्या की त्या जवानाला घरी पाठवता येतं. इतर कंपन्यांत वर्षाला तीन-तीन, चार-चार लाल नोंदी व्हायच्या. धुमाळांच्या कंपनीत आठ वर्षांत दोनच जवान.

"एक दारूची होती," ते म्हणतात. "दुसरी मल्हारीची."

धुमाळ आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. १९६३ साली भरती झाले, १९९१ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी न जाता दिल्लीत पालमजवळ साधनगरमध्ये राहिले. दीड खोलीचं घर होतं, त्यावर पुढे मजला चढला. पहाटे पाचला दाढी, सहाला छावणीच्या भिंतीपर्यंत चालणं, साताला चहा. गल्लीत त्यांना 'फौजी अंकल' म्हणतात. नातवंडं मराठी बोलतात, पण 'कवायत' म्हणजे 'परेड' हे त्यांना सांगावं लागतं. पत्नी अहिल्याबाई कमी बोलतात आणि जे बोलतात ते नवऱ्याच्या तोंडावर बोलतात.

१९८६च्या जानेवारीत धुमाळ दिल्ली छावणीतल्या एका पलटणीत कंपनी हवालदार मेजर होते. कंपनीची शिस्त या माणसाच्या हातात असते. जवान त्यांना 'उस्ताद' म्हणत. उलट बोलणाऱ्या, हुकूम टाळणाऱ्या पोरांना वळणावर आणायची त्यांची रीत ठरलेली होती: आधी चेष्टा, मग पाठीवर भरलेली बॅग देऊन मैदानाला फेऱ्या आणि शेवटी कागद, म्हणजे लेखी आरोप. शेवटच्या पायरीपर्यंत गोष्ट सहसा जात नसे. चारचौघांत हसू झालं की बहुतेक जण ताळ्यावर यायचे.

त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी पलटणीची तुकडी निवडली गेली होती. बारा ओळी, ओळीत बारा माणसं, एकशे चव्वेचाळीस जवान. पहिल्या ओळीत उजव्या टोकाला मार्कर असतो. सगळी तुकडी त्याच्या रेषेवर चालते. मार्कर होता शिपाई मल्हारी इंगवले, वय सव्वीस, उंची सहा फूट एक इंच, धुमाळांच्याच तालुक्यातला. त्याला धुमाळांनीच निवडलं होतं. धुमाळांचा स्वतःचा हिशेब साधा होता. हवालदाराची नोकरी चोवीस वर्षांची, म्हणजे पुढच्या वर्षी घर. एप्रिलच्या यादीत नायब सुभेदार झाले तरच पुढे राहणार. तुकडी उभी करायचं काम त्यांच्याकडे आलं ते यादीच्या तीन महिने आधी.

सतरा तारखेला सकाळी कंपनीच्या कचेरीत मल्हारीच्या नावाने तार आली. 'आई गंभीर. ताबडतोब निघ.'

अशा तारा त्या हिवाळ्यात अकरा आल्या होत्या. मोठ्या परेडच्या आधी किंवा सुगीच्या दिवसांत रजा मिळत नाही, म्हणून पोरं घरी पत्र लिहून आईच्या आजाराची तार मागवून घेत. हे सगळ्या फौजेला ठाऊक होतं. तार आली की जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशीचं पत्र जायचं, उत्तर आलं की रजा. अकरातल्या नऊ आया ठणठणीत निघाल्या होत्या. खुद्द धुमाळांनी १९६९ साली बहिणीच्या लग्नासाठी अशीच तार मागवली होती.

म्हणून त्यांनी ती तार मल्हारीला दिली नाही. चौकशीचं पत्रही पाठवलं नाही. सव्वीस झाली की सत्तावीसला पोराला गाडीत बसवू, असं ठरवलं. तार घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, शिट्टीच्या मागे.

वीस तारखेला पांडू नावाचा जवान रजेवरून परतला. तो मल्हारीच्या शेजारच्या गावचा. सकाळी तुकडी मैदानावर जमत असताना त्याने मल्हारीला विचारलं, "तू अजून इथंच?"

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. धुक्यात मागच्या ओळी नीट दिसतही नव्हत्या. मल्हारी जागेवर न जाता धुमाळांसमोर येऊन सावधान उभा राहिला.

"उस्ताद, माझी तार आलीय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"पांडू. सोळाला माझ्या भावाबरोबर तो पोस्टात होता."

धुमाळांनी पहिली पायरी वापरली. आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "मल्हारी, जानेवारी आहे. आपल्या कंपनीच्या आया जानेवारीतच आजारी पडतात. सव्वीसला बँड वाजला की उठून भाकऱ्या थापायला लागतात."

पुढच्या ओळी हसल्या. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं, तेही हसले.

"चल. मार्कर, आपल्या जागेवर."

मल्हारी हलला नाही. "तार द्या, उस्ताद. मग पाऊल उचलतो."

हसणं थांबलं. दुसऱ्या पायरीला वेळ नव्हता. सहा दिवसांवर परेड, मार्करला फेऱ्या मारायला लावून पाय सुजवून घेणं परवडणारं नव्हतं. धुमाळांनी दोन नायकांना बोलावून मल्हारीच्या दोन्ही बाजूंना उभं केलं. ते साक्षीदार. मग फौजेत असा हुकूम ज्या शब्दांत द्यायचा असतो, त्या शब्दांत हिंदीत दिला: "सिपाही मल्हारी इंगवले, मैं तुम्हें हुक्म देता हूँ, मार्कर की जगह लो." दोनदा. साक्षीदारांसमोर दोनदा दिलेला हुकूम मोडला की पुढे कागदच होतो, हे दोघांनाही माहीत होतं.

मल्हारी दोन्ही वेळा उभाच राहिला. त्याने शिवी दिली नाही, हात उचलला नाही.

"खिशात हात घातला असता तर दोन मिनिटांचं काम होतं," धुमाळ आज सांगतात. "पण एकशे चव्वेचाळीस जण बघत होते." मग म्हणतात: "अकरापैकी नऊ खोट्या होत्या. हेही खरंय."

मल्हारीला क्वार्टर गार्डमध्ये, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या कोठडीत नेलं. दुपारी धुमाळ कचेरीत आले. दुसऱ्या दिवशी कमांडिंग ऑफिसरसमोर पेशी होणार होती आणि तिथे तारेचा प्रश्न निघणार होता. कारकून शांतारामला त्यांनी चौकशीचं पत्र टाइप करायला सांगितलं आणि तारीख घालायला लावली सतरा जानेवारी. जावक रजिस्टरमध्ये शांताराम रोज दिवसअखेर एक ओळ मोकळी सोडायचा. साहेबांना उशिरा काही आठवलं तर असावी म्हणून. सतरा तारखेची ओळ मोकळीच होती. तीत पत्र बसलं. खाली धुमाळांची सही.

एकवीसला पेशी झाली. रिवाजाप्रमाणे मल्हारीची टोपी आणि पट्टा काढून घेतला होता, दोन्ही बाजूंना पहारा. साहेबांनी आरोप वाचला, साक्षीदारांना विचारलं, मग धुमाळांकडे पाहिलं.

"तार का क्या मामला है?"

"वेरिफिकेशन में है, साहब. सत्रह को चिट्ठी गई है."

साहेबांनी पत्राची प्रत पाहिली. सगळं नियमात होतं. मल्हारीला विचारलं, "कुछ कहना है?"

"मेरी तार, साहब."

"मिलेगी. पहले हुक्म."

चौदा दिवस सक्त कैद. लाल शाई.

बावीसला दुसरी तार आली. ठकूबाई इंगवले आदल्या संध्याकाळी गेल्या होत्या. साहेबांनी उरलेली शिक्षा माफ केली आणि त्याच तासात रजा मंजूर केली. नोंद मात्र राहिली. एकदा चढलेली नोंद पुसायची सोय साहेबांच्या हातातही नव्हती. दोन्ही तारा मल्हारीला द्यायचं काम धुमाळांकडेच आलं. क्वार्टर गार्डच्या दारात त्यांनी त्या दिल्या. मल्हारीने आधी दुसरी वाचली, मग पहिली. पहिलीवरचा पोस्टाचा शिक्का पाहिला.

"सतराची आहे."

"हो."

कागद घडीवर मऊ पडला होता आणि एका कोपऱ्यात शिट्टीच्या पितळेचा हिरवा डाग होता. मल्हारीने त्यावरून अंगठा फिरवला.

"खिशात होती व्हय, उस्ताद?"

मल्हारी सतराला निघाला असता तर एकोणीसला घरी पोचला असता. आई पुढे दोन दिवस होती, बोलत होती.

सव्वीसला तुकडी राजपथावरून गेली. बदली मार्करचं पाऊल एकदाही चुकलं नाही. एप्रिलच्या यादीत धुमाळांचं नाव आलं.

मल्हारी रजेवरून सहा दिवस उशिरा परतला. दुसरी लाल नोंद. पुढच्या वर्षी एका नायकाशी हाणामारी, तिसरी. नंतर पुन्हा उशीर, चौथी. १९९०मध्ये अकरा वर्षांच्या नोकरीनंतर त्याला घरी पाठवलं. पेन्शनला पंधरा लागतात. डिस्चार्ज बुकात चारित्र्याच्या रकान्यात 'ठीक' असं लिहिलं होतं, म्हणजे 'चांगलं'च्याही खालचा शेरा. बँकेच्या पहाऱ्याची नोकरीही त्या एका शब्दामुळे मिळाली नाही. गावात तो 'काढून टाकलेला' म्हणूनच ओळखला गेला.

२०११च्या ऑक्टोबरमध्ये तो साधनगरच्या दारात उभा राहिला. केस पांढरे, पाठ अजून सरळ. अहिल्याबाईंनी पोहे केले. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तार काढून टेबलावर ठेवली. लष्करी न्यायाधिकरणात त्याने अर्ज केला होता. पहिली नोंद अन्यायाची ठरली तर चारच्या तीन होतील, आणि मग त्याला घरी पाठवणंच चुकीचं ठरेल, असं वकिलाने सांगितलं होतं.

"उस्ताद, जास्त काही नको. तार किती दिवस तुमच्याकडं होती आणि पत्र कधी लिहिलं, एवढंच लिहून द्या."

"विचार करतो," धुमाळ म्हणाले.

विचाराला तीन महिने लागले. मुलगा श्रीरंग गुडगावला नोकरीला आहे. तो म्हणाला, "बाबा, पंचवीस साल हो गए यार. आता कशाला? तुमच्यावरच केस आली तर? बिल्कुल नको."

अहिल्याबाई आतून बाहेर आल्या. "अठराला शर्ट धुवायला घेतला तेव्हा ती तार मीच काढून टेबलावर ठेवली होती. तुम्ही परत खिशात घातलीत. मी विचारलं, कुणाची? म्हणालात, कंपनीची."

जानेवारीत धुमाळांनी प्रतिज्ञापत्र केलं. सगळं लिहिलं: खिसा, मोकळी ओळ, मागची तारीख.

मार्चमध्ये आर. के. पुरममध्ये सुनावणी झाली. धुमाळ कोट आणि पदकं घालून गेले. सरकारी वकिलाने जुनी फाइल उघडली. बाकीचे कागद मुदत संपून नष्ट झाले होते. पेशीची फाइल होती, आणि तिला जोडलेली पत्राची प्रत.

"ये दस्तख़त किसके हैं?"

"मेरे."

"तारीख?"

"सत्रह जनवरी."

"आज आप कहते हैं, तारीख झूठी है. तो झूठ तब बोला था या आज?"

"तब."

"और उसी साल आप नायब सूबेदार बने."

"जी."

शांताराम वारला होता. पांडू १९८७मध्ये जाफन्याच्या लढाईत मारला गेला होता. घरच्या बाईची साक्ष कोण धरणार, असं मल्हारीच्याच वकिलाचं मत पडलं. राहिली तार. पण तिच्यावरचा शिक्का सतराचा, पत्रही सतराचं; तार आली त्याच दिवशी चौकशी सुरू झाली, हेच त्यातून सिद्ध होत होतं. पंचवीस वर्षांनंतर आठवणीतून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्या वेळी केलेला कागद ग्राह्य, असा निकाल मे महिन्यात लागला. अर्ज फेटाळला.

त्या दिवशी दोघे बाहेर बसस्टॉपजवळच्या टपरीवर चहा प्यायले. ऊन बेचाळीस अंशांचं होतं.

"तुमचा कागद पहिल्यापासून पक्का असायचा, उस्ताद," मल्हारी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या कारागिराच्या कामाबद्दल बोलावं तसं तो बोलला.

"मल्हारी, वरच्या कोर्टात..."

"नको. माझी तार तेवढी आत राहिली. ती मिळवून द्या."

मूळ तार फाइलला जोडलेली आहे. ती परत मिळण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. धुमाळांनी तो केला आहे. दर मंगळवारी ते पालमहून बस पकडून आर. के. पुरमला जातात, खिडकीत नंबर सांगतात आणि पुढच्या मंगळवारी या, असं ऐकून परततात. श्रीरंग म्हणतो, फोटोकॉपी आहे ना, ती स्पीड पोस्टने पाठवा. पण मल्हारीने जाताना सांगितलं आहे की पोस्टाने नको; मिळाली की स्वतः येऊन हातात द्या.

अर्ज करून नऊ आठवडे झाले.